यावेळी मान्यवर उपस्थित होते

दयानंद बिडव्यांच्या मुलीला, जान्हवीला, आणि पाठोपाठ आणखी काही पोरांना कावीळ झाली तेव्हा सह्यकुंज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी हात जोडलेली चित्रं आली, मग उसाच्या रसाचे फायदे आले, आणि शेवटी कुणीतरी कावीळ उतरवून देणाऱ्या एका बाईचा नंबर टाकला. पाण्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. सोसायटीची विहीर ओढ्याच्या काठाला होती. हिंजवडीकडच्या इमारतींचे मैल्याचे टँकर रोज पहाटे शेतांमधल्या पाणंदीनं खाली उतरत आणि त्याच ओढ्यात रिकामे होत. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण नाक प्रत्येकाला होतं. पण ग्रुपवर लिहिलं आणि ते बाहेर गेलं, तर फ्लॅटचा भाव पडला असता. पोराचे डोळे पिवळे झालेले चालतात, फ्लॅटचा भाव पडलेला चालत नाही. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं.

ही सोसायटी बोरजाईवाडीत. हिंजवडीजवळच्या चांदे गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. जाहिरातीत तिला 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलं होतं, आणि निसर्गाच्या कुशीत नेमकं काय ओतलं जातं हे जाहिरातीत लिहायची पद्धत नाही.

दयानंद औशाचा. एका कंपनीच्या हिशेब खात्यात. शांत माणूस. रिक्षावाल्यानं जास्त पैसे सांगितले तरी तो आधी स्वतःलाच विचारायचा, की आपलं काही चुकलं का. पण पोरगी अंथरुणावर पडून पेज पीत होती, आणि नळाला वास येत होता. तो अर्ज घेऊन निघाला. एका कचेरीनं सांगितलं, ओढा आमच्याकडे येत नाही. दुसरीनं सांगितलं, पाणी आमच्याकडे येतं पण त्यात पडलेलं आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या कचेरीत अर्ज ठेवून घेतला, पण साहेब साइटवर गेलेले होते. साहेब साइटवर असतात म्हणजे नेमके कुठं असतात, हा या देशातला मोठा आध्यात्मिक प्रश्न आहे.

"असं नाही व्हायचं," दुसऱ्या मजल्यावरचे विठ्ठलराव म्हणाले. विठ्ठलराव निवृत्त होते. भटक्या कुत्र्यांवरचं त्यांचं एक पत्र पूर्वी कुठल्याशा पेपरात छापून आलं होतं. ते त्यांनी लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलेलं, त्यामुळे माध्यमांवर त्यांचा शब्द अखेरचा. "बातमी यायला पाहिजे. बातमी आली की सरकार थरथरतं."

"कुत्री गेली का हो?" दयानंदच्या बायकोनं, नलिनीनं, विचारलं.

"कुत्र्यांचा मुद्दा वेगळा," विठ्ठलराव म्हणाले.

मग समिती निघाली. नावावरून बरंच रण माजलं. 'बचाव' शब्दानं कुणाला तरी आपण बुडतोय असं वाटलं, 'संघर्ष' म्हटल्यावर नोकरदारांचे चेहरे पडले. शेवटी 'ओढा संवर्धन समिती' ठरलं. संवर्धन शब्दाला कुणी घाबरत नाही, कारण त्याचा अर्थ कुणाला लागत नाही. अध्यक्ष विठ्ठलराव. काम करायला दयानंद.

दयानंदनं प्रसिद्धिपत्रक लिहिलं आणि शहरातल्या एका मोठ्या दैनिकाला पाठवलं. नंतर स्वतःच फोन केला. तिकडं सौरभ नावाचा तरुण वार्ताहर होता. आवाजात घाई.

"हां काका, वाचलं. कावीळ ना? कोणी गेलंय का?"

"कुठं?"

"म्हणजे... डेथ वगैरे?"

"छे छे! देवाच्या कृपेनं नाही."

"अच्छा," सौरभ म्हणाला. त्या अच्छामध्ये एवढी निराशा होती की दयानंदला क्षणभर अपराधी वाटलं. "सिरीयस कोणी? आयसीयू?"

"नाही हो. पोरं घरीच आहेत."

"मग बघा काका, काही झालं तर लगेच कळवा. रात्री-बेरात्री केला तरी चालेल."

फोन ठेवल्यावर दयानंदनं जान्हवीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. पोरगी बरी होत होती. बातमीच्या दृष्टीनं हा मोठाच तोटा.

राहिला जयसिंग. जयसिंग म्हणजे गावचा पत्रकार. म्हणजे प्लॉटिंगचा एजंट, विम्याचा एजंट, त्याच दैनिकाच्या तालुका पानाचा बातमीदार आणि 'रणकंदन लाइव्ह' या मोबाइलवरच्या चॅनेलचा मालक, संपादक आणि कॅमेरामन. गाडीच्या काचेवर 'प्रेस' एवढं मोठं लिहिलेलं, की समोरचा रस्ता त्याला त्या शब्दाच्या पोटातूनच बघावा लागे.

जयसिंगनं पत्रक उलटंपालटं करून बघितलं.

"सर, ह्यात बातमी कुटं हाय?"

"ओढ्यात मैला टाकतात, ही बातमी नाही?"

"घाण ही बातमी न्हाई, सर. घाण काल बी हुती, आज बी हाय. बातमी म्हंजी कार्यक्रम! स्वच्छता अभियान घ्या. प्रमुख पाहुणा बोलवा. सत्कार करा. मग खाली लिवायचं, यावेळी अमुक, तमुक मान्यवर उपस्थित होते. लोक तेवढंच वाचत्यात. वर काय लिवलंय कोण बघतो? ज्याचं नाव छापलं त्यो दहा पेपर घेतो आन पाव्हण्यांना वाटतो."

दयानंदनं विचारलं, "पाहुणा कोण?"

"आता आपल्याकडं कोण? शेखरभाऊ."

शेखरभाऊ म्हणजे युवा नेते. प्रत्येक चौकात त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स. वाढदिवस वर्षातून एकदाच येतो ही निसर्गाची अडचण त्यांनी केव्हाच दूर केली होती. आणि ओढ्यात रिकामे होणारे टँकर त्यांचेच.

"अहो, पण टँकर त्यांचेच ना?"

"मग? दुसऱ्याला बोलावलं तर भाऊ रागावत्याल. भाऊ रागावलं तर जाहिराती बंद, जाहिराती बंद तर पान बंद, पान बंद तर तुमची बातमी कुटं छापू? माझ्या टकुऱ्यावर?"

घरी नलिनीनं हे ऐकलं आणि पेजेची वाटी दाणकन खाली ठेवली.

"ज्यानं पोरीला आजारी पाडलं त्याला नारळ देणार तुम्ही?"

"डाव आहे तो," दयानंदनं आवाज खाली आणला. "एकदा व्यासपीठावर आला, की सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर विचारणार. टँकर कुणाचे?"

"तुम्ही विचारणार?"

"मी."

नलिनीनं वाटी उचलली आणि ती आत गेली. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायकोला बोलावं लागत नाही.

गावातला एक माणूस मात्र समितीला हवाच होता. हैबतराव तात्या. ओढ्याच्या दोन्ही काठांना त्यांची भातखाचरं. सोसायटीची जमीनही मूळची त्यांचीच. त्यांच्या म्हशींनी ओढ्याला तोंड लावायचं सोडलं होतं. दयानंद त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला.

"तात्या, तुम्ही एक शब्द टाकलात तर टँकर थांबतील."

"थांबतील की," हैबतराव म्हणाले. "पर शेखऱ्या भावकीतला हाय. त्येच्या बापाला ह्याच वढ्यात मी पवायला शिकवलं. उद्या लग्नाकार्यात तोंडं बघायची हायेत. म्हशीपायी भावकी तोडू व्हय?"

"मग कार्यक्रमाला तरी या."

"येतो की. बोलावल्यावर का न्हाई येनार? फकस्त खुर्ची म्होरल्या रांगंत पायजे. आन नाव नीट घ्या. हैबतराव. नुसतं तात्या म्हणू नगा माइकवर."

कार्यक्रमाच्या दिवशी जयसिंग आधी येऊन ओढा बघून गेला. रुमाल नाकाला.

"हितं न्हाई व्हायचं सर. हितं उभा राहिला तर भाऊ वकतील. फोटो न्हाई यायचा."

"अहो पण घाण इथंच आहे."

"घाण हितं हाय, पर फोटो वर हाय."

पाणंद ओढ्याला भिडते त्याच्या वरच्या अंगाला, जिथं टँकर पोचत नाहीत, तिथं ओढा खरंच सुरेख होता. खडकांवरून नितळ पाणी, काठाला करंजाची झाडं. अडचण एकच. तिथं उचलायला काही नव्हतं. स्वच्छता अभियानाला मुळात कचरा लागतो हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग विठ्ठलरावांनी अध्यक्षाला शोभेल असा निर्णय घेतला. सोसायटीच्या सुक्या कचऱ्याचे डबे आणवले आणि वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल असं सगळं त्या नितळ पाण्यात टाकायला लावलं.

"एका जागी नको, पसरून टाका!" ते काठावरून ओरडत होते. "नैसर्गिक वाटलं पाहिजे!"

चांगली शिकलेली, पगारदार माणसं, अंगात 'ओढा आपला, जबाबदारी आपली' असे छापलेले टीशर्ट, आणि स्वच्छ पाण्यात कचरा पेरतायत. दयानंदनंही एक पिशवी टाकली. टाकताना त्याला वाटलं, जान्हवीनं हे बघू नये.

भाऊ वेळेवर आले असते तर एवढ्यावर भागलं असतं. पण वेळेवर येणाऱ्याला नेता कोण म्हणेल? पाणी वाहतं ठेवायचं की नाही हे समितीच्या हातात नसल्यामुळे कचरा हळूहळू वाहून खाली गेला, सरळ सोसायटीच्या विहिरीकडं. पुन्हा डबे आले. पुन्हा पेरणी झाली. तोवर ऊन तापलं, पोहे गार झाले, आणि हैबतराव पुढच्या रांगेत फेटा सावरत ताठ बसून राहिले. ते एकटेच काही न टाकता, काही न खाता बसले होते.

मग भाऊ आले. पांढरे कपडे, काळी गाडी, मागं पोरांची रांग. हातमोजे घालून त्यांनी एक पाकीट उचललं. जयसिंग म्हणाला, "भाऊ, डोळं मिटलं." भाऊंनी पाकीट परत पाण्यात टाकलं आणि पुन्हा उचललं. स्वच्छता झाली.

भाषणात भाऊ म्हणाले, "वढा ही आपली आई हाय. आणि आईला घाण करणाऱ्याला हा शेखर माफ करणार न्हाई." टाळ्या पडल्या. टँकरचे दोन ड्रायव्हर मागं उभे होते, त्यांनीही वाजवल्या, आणि मनापासून.

दयानंद उठला. "भाऊ, एक प्रश्न..." म्हणाला, तोवर विठ्ठलरावांनी माइक आभारासाठी ओढून घेतला, आणि जयसिंगनं दयानंदच्या हातात शाल कोंबली. "सर, आधी ही टाका भाऊंच्या अंगावर. हां, थोडं खाली वाका. तुमचं डोकं भाऊंच्या पुढं येतंय."

दयानंद वाकला. भाऊ त्याच्याकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघून हसले. प्रश्न राहिला, वर नारळही त्यालाच द्यावा लागला.

बातमी आली. खरंच आली, फोटोसकट. 'शेखरभाऊंच्या पुढाकाराने ओढा झाला चकाचक.' फोटोत भाऊ पूर्ण. दयानंदचे फक्त हात. कोपरापासून पुढं, शाल धरलेले. मैला, टँकर, कावीळ यातला एकही शब्द नाही, पण शेवटचा परिच्छेद भरगच्च. यावेळी विठ्ठलराव, सोसायटीचे सचिव, भाऊंचे चालक, मंडपवाले आणि असे कितीतरी मान्यवर उपस्थित होते.

तरी दयानंद तो पेपर घेऊन तिसऱ्या कचेरीत गेला. प्रसिद्धी झाली आहे, आता हलतील, असं त्याला वाटलं होतं. साहेब या वेळी जागेवर होते, आणि त्यांच्या टेबलावर तेच कात्रण आधीच लावलेलं.

"ओढा साफ झालाय की, बिडवे. तुमच्याच समितीनं केलाय. अभिनंदन! मग हा अर्ज कशाला उघडा ठेवायचा?" आणि साहेबांनी त्याच्यादेखत अर्ज निकाली काढला. इतकी वर्षं सरकारी काम हळू चालतं असं म्हणणाऱ्यांनी हे बघायला पाहिजे होतं. चहा येण्याआधी झालं.

मान खाली घालून दयानंद परतला, तर पाणंदीच्या तोंडाला हैबतराव उभे. हातात पेपर, डोळे लाल.

"सायेब, तुमी वाचलं?"

"वाचलं, तात्या. मैल्याबद्दल एक शब्द नाही."

"मैल्याचं मरू द्या! माझं नाव कुटं हाय?"

दयानंदनं यादी पुन्हा वाचली. मंडपवाला होता. हैबतराव नव्हते.

"म्होरल्या रांगंत बसलोय. उन्हात. फेटा बांधून. आन मांडव घालणारा मान्यवर, ड्रायव्हर मान्यवर, आमी कोन? आमी काय करंज हाय व्हय काठावरचं?"

"जयसिंग म्हणतो, जागा कमी पडली."

"माझ्या जमिनीवर उभं ऱ्हाऊन मला जागा न्हाई? शेखऱ्याला दिसलो न्हाई मी? सांगता आलं न्हाई त्याला, तात्याचं नाव घाल म्हणून? तुटली भावकी!"

म्हशींनी पाणी सोडलं, भाताला वास आला, शेजारच्या लेकरांना कावीळ झाली, तेव्हा भावकी टिकली होती. उपस्थितांच्या यादीत तुटली. हसू नका. आपल्याकडं माणूस दुःख गिळतो, पण नाव गळलेलं गिळत नाही.

त्या संध्याकाळी हैबतरावांनी पुतण्याचा जेसीबी काढला आणि पाणंदीला आडवा चर मारला. पायी जाण्यापुरती वाट सोडून, इकडच्या बांधापासून तिकडच्या बांधापर्यंत. पहाटे टँकर आला आणि पुढची चाकं त्यात घालून बसला. सकाळी सगळी वाडी बघायला गेली. टँकर नाक खुपसून पडलेला आणि पोटातला सगळा माल त्याच चरात साचलेला.

आणि मग माध्यमं आली! न बोलावता! जयसिंग आला, सौरभ शहरातून धापा टाकत आला, आणखी कोण कोण मोबाइल उंच धरून आले. कुणी मेलेलं नसलं तरी काहीतरी उलटलं होतं.

"काका, ही स्टोरी आहे," सौरभ म्हणाला. माइक दयानंदच्या तोंडासमोर. "खड्डा कुणी खणला?"

दयानंद म्हणाला, "आधी या टँकरमध्ये काय आहे ते दाखवा. वास घ्या. आमच्या मुलीला..."

"ते घेतो नंतर. खणला कुणी?"

हैबतराव छाती काढून पुढं सरकले. दयानंदनं त्यांचा सदरा मागून धरला.

"तात्या, बोलू नका. गुन्हा दाखल होईल. पोलिसांच्या बातमीत नाव येईल."

"येऊ दे की! छापून तर यील!"

टँकर अडवणारा तालुक्यातला एकच माणूस, आणि तो हौसेनं तुरुंगात जायला निघालेला. सगळे मोबाइल हैबतरावांकडं वळायला लागले, आणि आयुष्यात कधी खोटं बिल न लावलेला दयानंद बिडवे मोठ्यानं म्हणाला, "केबल!"

सगळे थांबले.

"इंटरनेटची केबल टाकतायत. कंपनीची माणसं आली, खणलं आणि गेली."

कुणी शंका घेतली नाही. घेणार कशी? या भागात रस्ता एकदा डांबरी होतो आणि चारदा केबलसाठी उकरला जातो. कोण उकरतं, कुणाच्या हुकमानं उकरतं, हे देवालाही सांगता येणार नाही. सौरभनं मान डोलावली, जयसिंगनं शिवी दिली, हैबतरावांनी दयानंदकडं असं बघितलं, जसं काही त्यानं दुसऱ्यांदा त्यांचं नाव खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पानभर. 'पाणंदीत जीवघेणा चर, प्रशासन झोपेत, पाण्याचा टँकर थोडक्यात बचावला.' हो, पाण्याचा. सौरभनं नाक गाडीतच ठेवलं असावं.

विठ्ठलराव म्हणाले होते, बातमी आली की सरकार थरथरतं. ते अगदी खरं निघालं. जे खातं मैल्यासाठी कधी फिरकलं नाही, ते चरासाठी दुपारच्या आत हजर. चर बुजवला, वर मुरूम टाकला, रोलर फिरवला. पाणंद पूर्वीपेक्षा गुळगुळीत झाली. मधल्या तेवढ्या थोड्या वेळात नळाचा वास गेला होता, आणि हैबतरावांची म्हातारी म्हैस ओढ्यात उतरून बसली होती. मग पहाट झाली आणि टँकर आले. आता त्यांना हादरेसुद्धा बसत नव्हते.

दयानंदनं समितीचा ग्रुप सोडला. विठ्ठलरावांना काही सांगितलं नाही, जयसिंगला काही सांगितलं नाही. रजा टाकली आणि पिरंगुटच्या बाजारातून पिवळी जाकिटं, हेल्मेट, लाल-पांढरी पट्टी आणि 'काम चालू आहे' असा बोर्ड आणला. नलिनीनं पिशवीत डोकावून बघितलं.

"हे कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला.

नलिनीनं दुसरं जाकीट झटकून बघितलं. "तात्यांना हे आखूड होईल," एवढंच म्हणाली, आणि त्याला चहा दिला.

भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पुतण्याचा जेसीबी पुन्हा पाणंदीत शिरला. या वेळी चर खोल. हैबतराव धोतरावर पिवळं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट घालून उभे होते, शेजारी तशाच वेषात दयानंद. विठ्ठलराव फिरायला निघालेले, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि दयानंदलाच विचारलं, "स्पीड किती मिळणार?" ओळखलं नाही. पिवळ्या जाकिटातल्या माणसाला तोंड असतं असं आपल्याकडं कुणी समजत नाही.

तेवढ्यात काळी गाडी येऊन थांबली. काच खाली आली. शेखरभाऊ.

ज्याच्या अंगावर वाकून शाल टाकली होती, तो हातभर अंतरावर त्याच्या तोंडाकडं बघत होता. हैबतरावांनी हेल्मेट नाकापर्यंत ओढून पाठ फिरवली.

"कंपनी कुटली?"

"दिल्लीची," दयानंद म्हणाला.

"किती दिस चालणार?"

"वरून सांगतील तोवर."

भाऊंनी चराकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. फ्लेक्स कुठं बसेल याचा अंदाज घेताना नेत्याचा चेहरा कसा एकाग्र होतो, ते दयानंदनं पहिल्यांदा जवळून पाहिलं.

"म्होरचं खोदाईचं काम आपल्या पोरांना द्या," भाऊ म्हणाले, कार्ड दिलं आणि काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी चराच्या कडेला फ्लेक्स उभा राहिला. चांगला दोन पुरुष उंच. 'शेखरभाऊंच्या अथक पाठपुराव्याने बोरजाईवाडीत जलद इंटरनेट.' आता ते काम भाऊंचं झालं. ते बुजवायची छाती कुणाची होती? खात्याची माणसं आली, फ्लेक्स बघितला आणि नमस्कार करून गेली. केबल कधी येणार हे कुणी विचारलं नाही. पाठपुरावा सुरू आहे म्हटल्यावर वस्तू यावीच लागते असं नाही.

पहाटे भाऊंचा टँकर भरून आला. चराच्या अलीकडं थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, दिव्याच्या उजेडात त्यानं फ्लेक्सवर हात जोडून हसणाऱ्या आपल्या मालकाकडं बघितलं, डोकं खाजवलं आणि गाडी रिव्हर्सला घातली.